ओ-ब्रिओं : खडीच्या जमिनीतली साडेतीनशे वर्षांची वाइन

फ्रान्समधल्या बोर्डो शहराला लागून पेसाक नावाचं उपनगर आहे. रस्ते, रहदारी, चारी बाजूंनी घरं, आणि या सगळ्याच्या मधोमध सुमारे 50 हेक्टरची, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपासची द्राक्षबाग. शहर वाढत वाढत बागेच्या कुंपणाला भिडलं, आजूबाजूच्या कितीतरी बागा बांधकामाखाली गेल्या, ही मात्र टिकली. तिचं नाव शातो ओ-ब्रिओं (शातो म्हणजे वाडा). फ्रान्सच्या सर्वांत नावाजलेल्या तांबड्या वाइनमध्ये तिथल्या वाइनची गणना होते. एका बाटलीला कित्येकशे युरो पडतात, आणि 1989 सारख्या गाजलेल्या सालाची बाटली घ्यायची तर हजारांत मोजावे लागतात.

ही वाइन ज्यांपासून होते त्या मर्लो आणि कॅबर्ने या जातींची द्राक्षं जगभर लावली जातात. कॅबर्ने सोव्हिन्यॉ आपल्या नाशिकमध्येही होते. मग याच बागेच्या वाइनला एवढं महत्त्व का? याचं उत्तर देताना बहुतेक जण जमिनीकडे बोट दाखवतात आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते ही गोष्ट जमिनीपासून सुरू होत नाही. या वाइनला स्वतःचं नाव मिळालं तिथून ती सुरू होते, म्हणून आधी त्याबद्दल.

बोर्डोची वाइन इंग्लंडला फार पूर्वीपासून जात होती. 1152 साली आक्विटेनच्या, म्हणजे बोर्डो ज्यात होतं त्या प्रांताच्या, एलेनोरचं लग्न हेन्री प्लँटाजेनेटशी झालं, दोनच वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्डोचा मुलूख इंग्रज राजघराण्याकडे आला. तो 1453 पर्यंत त्यांच्याकडे राहिला. तीनशे वर्षं दरवर्षी जहाजंच्या जहाजं भरून वाइन तिकडे गेली. पण ही सगळी वाइन बेनाम होती. लाकडी पिंपांतून यायची, फार तर कोणत्या भागातली आहे एवढं सांगितलं जायचं. कोणाच्या बागेतली, हे ना विकणारा सांगायचा ना घेणारा विचारायचा. वेगवेगळ्या बागांचा माल एकत्रही होत असे.

शिवाय ती टिकत नसे. पिंपातली वाइन जसजशी कमी होते तसतशी वरच्या रिकाम्या जागेत हवा शिरते, आणि हवा मिळाली की तिचं व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. त्यामुळे नव्या हंगामाची वाइन आली की जुन्या पिंपांचा भाव कोसळे. आज जुन्या वाइनला जास्त पैसे पडतात; तेव्हा नेमकं उलट होतं. जो माल वर्षभरात संपवायचा आणि ज्यावर आपलं नावही नाही, त्यावर बागाईतदार जास्तीचे कष्ट कशाला घेईल?

हे चित्र बदलण्यात पोंताक घराण्याचा मोठा वाटा आहे. ज्याँ द पोंताक याने सोळाव्या शतकात लग्नातून आणि खरेदीतून ओ-ब्रिओंची जमीन जमवली आणि 1549 मध्ये तिथे वाडा बांधायला घेतला. त्याच्या घराण्यातला तिसरा आर्नो द पोंताक सतराव्या शतकात बोर्डोच्या पार्लमांचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायसभेचा, प्रथम अध्यक्ष होता. पैसा होता, वजन होतं, आणि दूरदृष्टीही होती. आपल्या बागेची वाइन इतरांच्या मालात न मिसळता बागेच्याच नावाने लंडनला विकायची, असं त्याने ठरवलं. 1660 सालच्या इंग्लंडच्या राजाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या, तळघराच्या हिशेबात या वाइनच्या 169 बाटल्यांची नोंद आहे. 10 एप्रिल 1663 रोजी सॅम्युएल पीप्स हा लंडनचा सरकारी अधिकारी एका मधुशाळेत ही वाइन प्यायला आणि रात्री रोजनिशीत त्याने लिहून ठेवलं, की ‘हो ब्रायन’ नावाची एक फ्रेंच वाइन प्यालो, तिची चव चांगली आणि इतकी वेगळी, की अशी पूर्वी कधी चाखली नव्हती. स्पेलिंग त्याने कानाला आलं तसं केलं. एखाद्या बागेच्या वाइनची चव तिच्या नावासकट कोणी टिपून ठेवल्याची ही फार जुनी नोंद, आणि माझ्या दृष्टीने वाइनच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे.

1666 च्या मोठ्या आगीत लंडन शहराचा बराच भाग जळाला. त्यानंतर पोंताकने मुलाला तिकडे पाठवलं आणि त्याने ‘पोंटॅक्स हेड’ नावाचं खाणावळवजा मद्यगृह उघडलं. ते साधंसुधं नव्हतं. श्रीमंत, लेखक आणि रॉयल सोसायटीचे शास्त्रज्ञ तिथे जेवायला येत. मालकाच्याच बागेतली वाइन, मालकाच्याच नावाच्या दुकानात, चढ्या भावाने. आज ज्याला आपण ब्रँड म्हणतो, त्याची बांधणी इतक्या जाणीवपूर्वक करणारं हे वाइनमधलं पहिलं घराणं म्हणता येईल.

एकदा नाव लावलं, की ते राखावं लागतं. चढा भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी आंबट वाइन देऊन चालत नाही. म्हणून याच काळात बोर्डोच्या चांगल्या तळघरांत तीन सवयी रुजल्या आणि त्या आजही पाळल्या जातात. पिंपात जागा झाली की लगेच तीच वाइन ओतून पिंप काठोकाठ भरायचं. दर काही महिन्यांनी वरची स्वच्छ वाइन दुसऱ्या पिंपात काढून घ्यायची आणि तळाचा गाळ मागे ठेवायचा. आणि रिकाम्या पिंपात गंधक जाळून धुरी द्यायची, म्हणजे आतले जिवाणू मरतात. गंधकाची ही युक्ती डच व्यापाऱ्यांची. या तिन्ही गोष्टी अगदी साध्या आहेत, पण त्यांमुळे वाइन वर्षानुवर्षं टिकू लागली. टिकू लागली तेव्हाच कळलं, की काही वाइन जुन्या होताना बिघडत नाहीत, उलट खुलतात. त्याच सुमारास इंग्लंडात जाड काचेच्या मजबूत बाटल्या आणि बुचं वापरात येत होती, त्याचीही मदत झाली.

आता जमिनीकडे वळू. 1677 च्या मे महिन्यात तत्त्वज्ञ जॉन लॉक मुद्दाम ही बाग पाहायला आला. लंडनमध्ये एवढा भाव खाणारी वाइन कसल्या मातीत होते हे त्याला बघायचं होतं. त्याला दिसली पांढरट वाळू आणि तीत मिसळलेली खडी. या जमिनीत काही उगवेल असंही वाटत नाही, अशा अर्थाची नोंद त्याने केली.

त्याचं निरीक्षण बरोबर होतं, आणि वाइनच्या दृष्टीने तीच जमीन उत्तम होती. फार प्राचीन काळी नद्यांनी पिरेनीज पर्वताकडून वाहून आणलेले गारगोटीचे गोटे इथे साचले आणि त्यांचे बुटके उंचवटे तयार झाले. खाली वाळू आणि चिकणमाती. बोर्डोला अटलांटिकचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो, एकूण सुमारे 900 मिलिमीटर. आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाही. त्यामुळे काढणीच्या तोंडावर कधीही पाऊस येऊ शकतो आणि मणी पाण्याने फुगू शकतात. खडीतून मात्र पाण्याचा निचरा झटकन होतो. मुळांना पाण्यासाठी खोल जावं लागतं आणि तिथे चिकणमातीने धरून ठेवलेली थोडी ओल मिळते. म्हणजे वेल तहानेने मरत नाही आणि तिला मुबलक पाणीही मिळत नाही.

द्राक्ष बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. वेलीला ताण बसला की ती पानं आणि शेंडे वाढवायचं थांबवते आणि जोर फळात घालते. आपल्याकडे हा ताण ठिबकचं पाणी कमी करून द्यावा लागतो. ओ-ब्रिओंमध्ये तो जमीनच देते. अशा वेलीला घड कमी लागतात आणि मणी लहान राहतात. खायच्या द्राक्षांत मोठा, रसाळ मणी हवा असतो. वाइनच्या द्राक्षांत लहान मणी चांगला, कारण तांबड्या वाइनचा रंग, तिचा तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

गोट्यांचा आणखी एक फायदा म्हणजे ते दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात. भोवतालच्या शहराची उष्णताही त्यात मिळते. त्यामुळे इथली द्राक्षं उत्तरेकडच्या मेदोक भागातल्या बागांपेक्षा आधी पिकतात आणि शरद ऋतूच्या पावसाआधी बरीच काढणी उरकते. शिवाय इथे मर्लोचं प्रमाण मेदोकच्या बड्या बागांपेक्षा जास्त आहे. मर्लो लवकर पिकते आणि वाइनला मऊपणा देते. कॅबर्ने सोव्हिन्यॉ उशिरा पिकते आणि तिला कणा देते. तिसरी जात कॅबर्ने फ्राँ, ती वासासाठी. एका जातीला हंगाम बाधला तर दुसरी सावरून घेते, हा मिश्रणामागचा मूळचा शेतकरी हिशेब आहे.

बाटलीवर साल का छापतात, हेही इथेच समजतं. आपल्याकडे उष्ण हवामानामुळे वेल कधी झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण तिला वळण लावतो. बोर्डोमध्ये कडक हिवाळा वेलीला झोपवतो, छाटणी एकदाच, आणि मार्चअखेरीपासून सगळं आभाळावर. एप्रिलमध्ये थंडीचा कडाका पडला की कोवळे फुटवे जळतात, जूनमध्ये फुलोऱ्यात पाऊस झाला की घड गळतात, सप्टेंबरमध्ये भिजला तर माल सडतो. चांगल्या बागांत पाणीही सहसा दिलं जात नाही. म्हणून एकाच बागेची दोन सालांची वाइन बरीच वेगळी असू शकते, आणि भावही तसाच.

काढणी हाताने होते. देठ वेगळे करून, मणी हलके फोडून, सालीसकट रस आंबवायला ठेवतात. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. त्यात बरीच उष्णता तयार होते. तापमान फार वाढलं तर यीस्ट मरतं आणि वाइन अर्धवट राहते, फार उतरलं तर सालीतून रंग निघत नाही. पूर्वी लाकडी टाक्यांत हे सांभाळणं नशिबावर होतं. 1961 मध्ये ओ-ब्रिओंचा तरुण व्यवस्थापक ज्याँ-बेर्नार देल्मास याने आंबवण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या. बोर्डोच्या प्रथम श्रेणीतल्या बागांमध्ये (या श्रेणीबद्दल पुढे) हे आधी कोणी केलं नव्हतं. परंपरेच्या नावाने हळहळणारे तेव्हाही होते, पण स्टीलच्या टाकीवर बाहेरून पाणी फिरवून तापमान हवं तिथे रोखता येतं, आणि पुढे बहुतेकांनी तोच मार्ग धरला. देल्मास कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी ही बाग सांभाळली आहे. एका बागेचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेली माणसं इतकी वर्षं मिळणं हे मला जमिनीइतकंच मोठं भाग्य वाटतं.

आंबवणं झालं की वाइन ओकच्या पिंपांत जाते. एक पिंप 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्यांचं. तिथे ती दीड-दोन वर्षं मुरते. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी थोडी हवा आत येते. पोंताकच्या काळी हवा शत्रू होती. इथे ती मोजून आत घेतली जाते. या मोजक्या हवेने तुरटपणा मऊ होत जातो. तुरटपणा म्हणजे टॅनिन. उकळून काळ्या झालेल्या कोऱ्या चहाने जीभ ओढल्यासारखी होते ना, तेच द्रव्य. वाइनला दीर्घायुष्य देणाऱ्या मुख्य गोष्टींत ते येतं, म्हणून वीस-तीस वर्षं टिकायची वाइन तरुणपणी काहीशी करकरीत लागणारच.

बागेतला सगळा रस शातो ओ-ब्रिओंच्या नावाने विकला जात नाही. प्रत्येक तुकड्याची, प्रत्येक जातीची वाइन वेगळी आंबवतात, चाखतात आणि जी पुरेशी चांगली वाटेल तीच मुख्य वाइनमध्ये घेतात. उरलेली दुसऱ्या नावाने जाते. 2007 च्या हंगामापासून तिचं नाव ल क्लारांस द ओ-ब्रिओं आहे. भाव निम्म्याहूनही कमी असला तरी बाग तीच, माणसं तीच. स्वतःच्याच मालातला मोठा हिस्सा दरवर्षी बाजूला काढायचा, हे नाव राखण्याचं मोल आहे. अशा निवडीनंतर मुख्य तांबड्या वाइनच्या लाखभर बाटल्यांच्या आसपास उरतात, आणि गिऱ्हाईक साऱ्या जगात.

या वाइनचं नाव घेतलं की 1855 हे साल येतंच. त्या वर्षी पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत जागतिक प्रदर्शन भरलं आणि बोर्डोच्या वाइनची प्रतवारी मागवली गेली. ती दलालांनी तयार केली, आणि त्यासाठी नव्याने चाखण्याची स्पर्धा वगैरे काही घेतली नाही. कोणत्या बागेला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो हे त्यांच्या वह्यांत होतं, त्यावरून पाच श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीत चारच नावं: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रिओं. यादीतल्या बाकी सगळ्या तांबड्या वाइन मेदोक भागातल्या. पेसाक ज्यात येतं त्या ग्राव्ह भागातली ओ-ब्रिओं एकटीच. तिला वगळणं शक्यच नव्हतं, कारण भावात ती दोनशे वर्षं वरच्या रांगेत होती. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफर्सन 1787 मध्ये बोर्डोला आला होता, त्यानेही उत्तम म्हणून हीच चार नावं लिहून ठेवली होती. 1855 पासून पहिल्या श्रेणीत बदल झाला तो एकदाच: 1973 मध्ये मूतों-रोत्शिल्द दुसऱ्या श्रेणीतून वर आली. इतकी जुनी यादी आजही भाव ठरवते हे मला पूर्णपणे पटत नाही. खालच्या श्रेणींतल्या काही बागा आज आपल्या जागेपेक्षा खूप चांगल्या आहेत, काही मागे पडल्या आहेत. पहिल्या श्रेणीबाबत मात्र यादी अजून खरी ठरते.

मधल्या काळात ही बाग संकटांतूनही गेली. फ्रेंच क्रांतीत तिचा मालक जोसेफ द फ्युमेल याचा 1794 मध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. 1801 ते 1804 ती तालेराँ या प्रसिद्ध मुत्सद्द्याकडे होती. पण मालक बदलण्यापेक्षा मोठा घाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने युरोपभरच्या वेलींची मुळं खाल्ली. उपाय असा निघाला, की त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच जातीचं कलम करायचं. आजही बोर्डोतल्या जवळजवळ सगळ्या वेली अशाच कलमी आहेत. महाराष्ट्रातही डॉगरिजसारख्या अमेरिकी वंशाच्या खुंटावर द्राक्ष बांधतात, पण आपल्याकडे कारण वेगळं, क्षार आणि पाण्याचा तुटवडा.

पाठोपाठ केवडा आला, ज्याला बागाईतदार डाऊनी म्हणतात. 1882 मध्ये बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांनी मेदोकमध्ये पाहिलं, की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप शिंपडलेला होता. त्यावरून त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. नाशिक, सांगलीतला प्रत्येक द्राक्ष बागाईतदार आजही फवारतो ते बोर्डो मिश्रण हेच.

1935 मध्ये, जागतिक मंदीने वाइनचा धंदा बसलेला असताना, क्लॅरेन्स डिलन या अमेरिकी बँकरने ओ-ब्रिओं विकत घेतली. ती अजून त्याच्याच वंशजांकडे आहे. सध्या कारभार त्याचा पणतू, लक्झेंबर्गचा राजपुत्र रॉबेर, पाहतो. समोरची, शतकानुशतकांची प्रतिस्पर्धी ला मिस्यों ओ-ब्रिओं ही बागही 1983 मध्ये याच कुटुंबाने घेतली. दोन्ही वाइन मात्र आजही वेगळ्याच बनवल्या जातात. मध्ये फक्त रस्ता असूनही त्यांची चव वेगळी लागते, आणि मालक एकच असूनही कोणी त्या मिसळत नाही.

विक्रीची पद्धतही नवख्याला कोड्यात टाकणारी आहे. काढणीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपातच असताना, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येऊन ती चाखतात. मग बाग भाव जाहीर करते, बोर्डोचे घाऊक व्यापारी माल उचलतात आणि पुढे विकतात. गिऱ्हाईक आज पैसे भरतं, बाटली साधारण दोन वर्षांनी हाती येते. बागेला पैसा लवकर मिळतो, गिऱ्हाइकाला पुढे वाढणारा भाव वाचवण्याची आशा असते. ती नेहमी फळतेच असं नाही, कारण काही सालांचा भाव बाटलीत भरेपर्यंत उतरतोही. त्यामुळे केवळ गुंतवणूक म्हणून यात पैसे घालायला मी कोणाला सांगणार नाही.

एवढं सगळं झाल्यावर पेल्यात काय मिळतं? ओ-ब्रिओंच्या वासाचं वर्णन करताना जाणकार धूर, तंबाखूचं पान, तापलेली माती आणि पिकलेली काळी फळं हे शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. धुराची ती छटा पेसाकच्या वाइनची ओळखच मानली जाते. तोंडात ती आक्रमक नसते. जोर असूनही मऊ राहते, आणि घोट घेतल्यावर चव बराच वेळ रेंगाळते. चांगल्या सालाची बाटली दहा वर्षांच्या आत उघडणं म्हणजे पैसे आणि वाइन दोन्ही वाया घालवणं.

एवढी महाग बाटली बहुतेकांच्या वाट्याला येणार नाही, पण तिच्याकडून शिकलेलं कोणत्याही चांगल्या तांबड्या वाइनला लागू पडतं. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो, तो टॅनिन आणि रंगद्रव्यांचा, निरुपद्रवी. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि उघडल्यावर एका धारेने, न हलवता, काचेच्या भांड्यात ओतून गाळ मागे ठेवावा. आणि तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला फ्रान्समधल्या दगडी वाड्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या तीस अंशांत ती नुसती झणझणीत लागते. सतरा-अठरा अंश तिला मानवतात, त्यासाठी वाढण्याआधी बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवली की पुरतं.